वरच्या मजल्यापर्यंत

भाईंदर पश्चिमेत रेडिओ ट्रान्समीटर बनवायची गरज तशी कुणालाच नव्हती. ज्या इमारतीत तळमजल्यावर मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या मजल्यावर शिंका सुरू होतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांनी "चहा टाक गं" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरून "आत्ताच तर झाला की यांचा" असं बारीक आवाजात उत्तर येतं, तिथे आवाज पोहोचवायला नऊ व्होल्टची बॅटरी कशाला लागते? आमच्याकडे भिंतीच इतक्या पातळ होत्या की शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना आपली बाजू कोणती हे आधी ठरवून घ्यावं लागे. पण ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, आणि प्रोजेक्ट सक्तीचा.

वर्गातल्या हुशार मुलांनी पाण्याच्या टाकीचा अलार्म घेतला. टाकी भरली की वाजणारा. मला तेव्हा त्यातला धूर्तपणा कळला नाही. भाईंदरात ज्या काळात नळाला एक दिवसाआड पाणी येई आणि टँकर आला की बायका बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहत, त्या काळात टाकी भरणार कधी आणि अलार्म वाजणार कधी? तो प्रोजेक्ट चालतो की बंद पडलाय हे परीक्षकाला सात जन्मांत कळलं नसतं. मी मात्र एका इंग्रजी मासिकात एफएम ट्रान्समीटरचं सर्किट पाहिलं आणि हुरळून गेलो. एकच ट्रान्झिस्टर, एक कंडेन्सर माइक, चार-पाच रेझिस्टर, तेवढेच कपॅसिटर आणि पेन्सिलीवर गुंडाळलेली तांब्याची तार. एवढंसं. पानाचा कोपराही भरला नव्हता.

तुम्हाला म्हणून सांगतो, प्रोजेक्टचा रिपोर्ट मी यंत्राच्या आधी लिहून टाकला, कारण लिहिणं मला जमतं आणि त्यात हात भाजत नाही. प्रस्तावनेत १८९५ साल घातलं, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी अदृश्य लहरी भिंतीतून आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली, ते. मग १९२३ चा बॉम्बे रेडिओ क्लब, मग २३ जुलै १९२७ ला लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झालेलं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र. आणि मग अर्थातच १९४२. गांधीजी आणि बहुतेक मोठे पुढारी तुरुंगात गेलेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि बावीस वर्षांच्या उषा मेहता दोन-चार सहकाऱ्यांना घेऊन मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवतायत, ४२.३४ मीटरवर, "भारतातून कुठूनतरी" असं सांगत. शिकागो रेडिओवाल्या नानक मोटवानींनी यंत्रसामग्रीला हातभार लावलेला. चिमूर-आष्टीतले अत्याचार या रेडिओने लोकांना सांगितले. हे सगळं मी इतक्या रंगात येऊन लिहिलं की शेवटी आपणही त्याच परंपरेतले, असं एक वाक्य वर टाकून दिलं. ते वाक्य रिपोर्टात अजून आहे. खोडायला पाहिजे होतं.

सामान आणायला लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनाला उतरून चालत. तिथल्या दुकानदारापुढे उभं राहून "एक बीएफ ४९४ द्या" म्हणायला जो धीर लागतो, तो मी वर्षभर साठवला होता. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "एक में क्या होगा?" मला वाटलं, हा उगाच माल खपवतोय. आज त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. एकाने काय होणार हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं. शिवाय बीएफ ४९४ संपलाय, बीसी ५४७ घेऊन जा, तोही चालतो, असं त्याने सांगितलं ते खरंच होतं. दोघांना पाय तीनच, रंग काळाच. फक्त एकाचा मधला पाय बेस असतो आणि दुसऱ्याचा मधला एमिटर. हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या माणसाला काय सांगायचं, असं त्याला वाटलं असणार.

पीसीबी घरी करायची म्हणून तिथूनच फेरिक क्लोराइडची पुडी घेतली. पिवळसर खडे, दिसायला गुळाच्या खड्यांच्या जवळपास जाणारे. या पदार्थाला हवेतली ओल ओढून घ्यायची खोड असते, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलेलंही होतं, पण पुस्तकातलं ज्ञान संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये आठवेल तर ते ज्ञान कसलं! दादरला मी गाडीत शिरलो, म्हणजे शिरवला गेलो, आणि पुडी शर्टाच्या खिशात, समोरच्या गृहस्थाच्या पाठीला दाबून. त्या गर्दीचा घाम, ती दमट हवा, आणि भाईंदरवाल्याने विरार गाडीत चढावंच कशाला यावर चाललेला परिसंवाद. बोरिवली येईपर्यंत पुडीला पाणी सुटलं.

त्या गृहस्थाचा शर्ट पांढरा होता. त्याच्या पाठीवर तांबूस-पिवळा डाग हळूहळू पसरताना मी बघत होतो आणि हलायला जागा नव्हती. त्यालाही पाठ बघता येत नव्हती, ही परमेश्वराची कृपा. उतरायची वेळ आली तेव्हा दारातल्या मंडळींनी भाईंदरवाल्याला धडा शिकवायचा ठरवलेलाच होता, त्यामुळे भाईंदर डाव्या हाताला राहून गेलं, मिठागरं गेली, खाडीवरचा पूल गेला आणि मी नायगावला उतरलो. तो गृहस्थही तिथेच उतरला. मी पुढची गाडी येईपर्यंत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला खांबामागे उभा राहिलो.

आता पीसीबी. तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड घ्यायचा, जिथे तांबं ठेवायचंय तिथे नेलपॉलिशने रेघा काढायच्या आणि तो फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे उघडं तांबं विरघळून जातं आणि रेघांखालचं उरतं. नेलपॉलिश बहिणीचं, तिला न विचारता. भांडं आईचं, तिलाही न विचारता. प्लॅस्टिकचं भांडं घ्यावं असं मासिकात लिहिलं होतं, पण मी म्हटलं स्टेनलेस स्टील आहे, त्याला काय होतंय, नावातच डाग न पडण्याची हमी. आणि भाईंदर म्हणजे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, इथे स्टीलवर अविश्वास दाखवायचा तरी कसा? तर वाचकहो, फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खातं. नीट, बारीक बारीक खड्डे पाडून खातं. ती परात आईच्या लग्नातली, आत्याकडून आलेली, तळाशी मशीनने नाव आणि तारीख कोरलेली. अर्ध्या तासाने बोर्ड बाहेर काढला तेव्हा त्यावरचं तांबं बरंचसं जागच्या जागी होतं. परातीवरची तारीख गेली होती.

"लग्नच पुसलंस की रे," आई म्हणाली. बाबा पेपर वाचत होते. ते काही बोलले नाहीत, पण पेपर थोडा खाली आला आणि परातीकडे बघून पुन्हा वर गेला. त्यांचा चेहरा मला त्या दिवशी फारसा दुःखी वाटला नाही.

सोल्डरिंग पोळपाटावर केलं. त्यावर आजही एक काळा ठिपका आहे आणि आमच्या घरच्या पोळ्यांना तो बरीच वर्षं उमटत असे. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायचे, पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम आणि पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७, पण आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब अशी होती की तिच्या उजेडात लाल आणि नारिंगी हे एकाच घरातले दोन भाऊ. ट्रान्झिस्टरच्या पायांचं तर सांगितलंच. पहिल्यांदा स्विच दाबला तेव्हा काहीच झालं नाही. नंतर पाय बदलले, तेव्हा ट्रान्झिस्टर गरम झाला, एवढी प्रगती. बहिणीने टेबल आवरताना कॉइलचे सुटे सुटे वेढे पाहिले, तिला ते अव्यवस्थित वाटले, आणि तिने चिमटीत धरून छान घट्ट मिटवून ठेवले. तारेचे वेढे जवळ आले की इंडक्टन्स वाढतो, इंडक्टन्स वाढला की फ्रीक्वेन्सी खाली येते. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण तिने हात लावलाय हे माहीत नव्हतं. हा सगळा प्रोजेक्ट असाच, माहितीची वाटणी चुकून, पुढे सरकत होता.

या यंत्राचं तत्त्व तसं सुरेख आहे हो. कॉइल आणि ट्रिमर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर, मिळून एक झोका तयार होतो, सेकंदाला दहाएक कोटी वेळा इकडून तिकडे. ट्रान्झिस्टर एका चिमुकल्या कपॅसिटरमधून त्याला दर फेरीला धक्का देत राहतो. तुम्ही माइकमध्ये बोललात की ट्रान्झिस्टरवरचा व्होल्टेज हलतो, त्याबरोबर त्याची आतली कपॅसिटन्स किंचित बदलते आणि झोक्याची गती डळमळते. पलीकडचा रेडिओ त्या डळमळण्यातून तुमचं बोलणं वेचून काढतो. पुस्तकात वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रत्यक्षात मात्र आमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्या झोक्याला धक्का देत होती. मी ट्रिमरजवळ स्टीलचा स्क्रूड्रायव्हर नेला की रेडिओवर खरखर थांबून "हॅलो हॅलो" ऐकू येई, हात काढला की गायब, कारण माझा हात हाच त्या सर्किटमधला सगळ्यात मोठा कपॅसिटर होता. म्हणजे यंत्र चालायचं असेल तर मी आयुष्यभर तिथे हात धरून उभं राहायला हवं. शेवटी बाबांच्या टूथब्रशचं शेपूट घासून प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर केला. ब्रश उरलेल्या भागावरून ओळखता येत होता.

एरिअल पाऊण मीटरची हवी. शंभर मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर, तिचा चौथा हिस्सा. पण मला वाटलं, जितकी लांब तितकी बरी, म्हणून ती तार गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडून दिली. आईने त्यावर ओली चादर टाकली की स्टेशन एकीकडे, टॉवेल टाकला की दुसरीकडे. मी घरच्या रेडिओवर शंभरच्या पुढे शोधत बसलो, कारण गणितात शंभर आलं होतं आणि गणितावर माझा विश्वास होता. कॉइल कुणीतरी मिटवलीय याचा पत्ता नाही. शेवटी कंटाळलो, बोर्ड फळीवर ठेवला, आणि डोकं शांत करायला स्टेशनाकडे वडापाव खायला गेलो. स्विच बंद करायचा राहिला.

मी गेलो आणि मावशी आली.

आता थोडं शास्त्र, कारण पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. असला एकट्या ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर आपल्या फ्रीक्वेन्सीवर जसा बोलतो, तसाच तिच्या दुपटीवरही थोडा बोलतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. आणि टीव्हीचा आवाज त्या काळी एफएमनेच यायचा, सहा नंबरच्या चॅनेलचा १८७.७५ मेगाहर्ट्झवर. त्याची निम्मी करा. ९३.८७५. बहिणीच्या चिमटीने माझी कॉइल नेमकी तिथे नेऊन ठेवली होती. केबलवाल्याने वरच्या काकूंच्या टीव्हीमागे तारेचा जोड उघडाच सोडलेला, आणि त्या वेळी त्या सहा नंबरवर दुपारची सीरियल बघत बसलेल्या. पडद्यावर सासू बोलायला तोंड उघडते आणि आवाज येतो माझ्या आईचा.

आई मावशीला सोसायटीच्या पाण्याबद्दल सांगत होती. सेक्रेटरींकडे पाणी पाऊण तास येतं आणि आपल्याकडे वीस मिनिटं, आणि वरच्या काकू मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, कारण त्यांनी स्वतःच गुपचूप मोटर बसवलीय. मग विषय श्रीखंडाच्या वाटीवर गेला, जी गुढीपाडव्याला वर गेली आणि अजून खाली आलेली नाही. मग काकूंच्या सुनेवर. सुनेबद्दल आई चांगलं बोलली, हे काकूंना जास्त लागलं असावं.

मी परत आलो तेव्हा काकू आमच्या दारात उभ्या. हातात वाटी.

"वहिनी, ही घ्या. गुढीपाडव्यापासून आमच्याकडेच राहिली ना."

आईने वाटीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि मग फळीवर चमकणाऱ्या त्या बोर्डाकडे बघितलं. मी बॅटरीची वायर काढली. काकू जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज मात्र स्वच्छ होता हो. आमच्या टीव्हीचा स्वतःचा पण नसतो इतका." आजतागायत माझ्या कुठल्याही यंत्राबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं नाही.

रात्री बाबांना कळलं. बाबा सरकारी नोकरीत. त्यांनी कुणालातरी विचारून १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट शोधून काढला, त्यात असली यंत्रं परवान्याशिवाय नुसती जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा. त्यांना माझ्या अटकेची काळजी नव्हती, त्यांना पेन्शनची होती. "हौशी रेडिओवाले, ते हॅम लोक, परीक्षा देतात, परवाना काढतात, मग बोलतात," ते म्हणाले, "आणि ते काय बोलतात तेही बघ. हवामान बोलतात." ते आईकडे बघून म्हणाले.

मला मात्र उषा मेहता आठवत होत्या. २७ ऑगस्ट १९४२ ला त्यांचं पहिलं प्रक्षेपण, आणि १२ नोव्हेंबरला गिरगावात पारेख वाडीत त्या पकडल्या गेल्या. मधल्या काळात ब्रिटिश पोलीस लहरींचा माग काढणाऱ्या गाड्या घेऊन फिरतायत आणि ही मंडळी यंत्र उचलून घरं बदलतायत. शेवटी पोलिसांना पत्ता दिला तो त्यांच्याच तंत्रज्ञाने. साम्राज्याला एवढं करून जवळजवळ अडीच महिने लागले. आमच्या काकूंना एक जिना लागला. आणि माझ्या बाबतीत फितुरीला माणूसही लागला नाही, यंत्र स्वतःच फितूर होतं. पुढे २००६ मध्ये बिहारच्या मन्सूरपूरमधल्या राघव महतोची बातमी वाचली. दुरुस्तीच्या दुकानातून स्वतः बनवलेलं एफएम स्टेशन त्याने गावाला ऐकवलं, एरिअल बांबूला बांधून, आणि परवाना नाही म्हणून सरकारने ते बंद केलं. त्याला लोकांची पत्रं येत, फर्माइशी येत. मला फक्त वाटी आली.

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक, जाड काचा, समोर माझा बोर्ड आणि कॉलेजचा रेडिओ. मी स्विच दाबला, ट्रिमर फिरवला, टूथब्रशही वापरून झाला. खरखर. सरांनी स्वतः रेडिओची चकती फिरवली आणि एकदम स्वच्छ, गोड गाणं लागलं. १९९३ पासून मुंबईत एफएमवर खासगी कार्यक्रम सुरू झालेले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही माझ्या तोंडून "हे माझंच, सर" निघून गेलं, का ते अजून कळत नाही. सरांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. गाणं संपलं आणि निवेदिकेने एका साबणाची जाहिरात सुरू केली.

"साबणही तुझाच का?"

मी मान खाली घातली. त्यांनी जर्नल उघडलं. प्रस्तावनेतले बोस, आयर्विन आणि काँग्रेस रेडिओ त्यांनी भराभर उलटले, परंपरेवालं वाक्य वाचून चष्मा पुसला, आणि निरीक्षणांच्या पानावर आले. पल्ला या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं: वरच्या मजल्यापर्यंत. श्रोते: एक. आवाजाची प्रत: उत्तम. मजकूर: आक्षेपार्ह.

"मजकूर काय होता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पाण्याचं, मोटरचं, पाऊण तासाचं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आमच्या सोसायटीतही सेक्रेटरीकडे पाऊण तासच येतं," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.